वरच्या मजल्यावर हॅमर सुरू झालाय? शेजारच्या नूतनीकरणाचे तीन-चार महिने कसे काढायचे

वरच्या किंवा शेजारच्या फ्लॅटचं पूर्ण काम निघालं की पहिल्याच दिवशी वाटतं, आता चार महिने घरात बसणं अशक्य. पण त्या चार महिन्यांत खरोखर असह्य दिवस पंधरा ते पंचवीसच असतात. बाकीचे दिवस त्रासाचे असले तरी निभावून नेता येतात. म्हणून सगळी ताकद 'काम बंद करा' म्हणण्यात घालवू नका. कोणतं मशीन, कोणत्या दिवशी, किती वाजता चालणार हे आधी कळलं पाहिजे, यासाठी ती वापरा. वेळ माहीत असलेला आवाज माणूस सोसतो. कधीही सुरू होणारा आणि कधी थांबेल ते न कळणारा आवाज डोकं पोखरतो.

आधी कामाचा क्रम समजून घ्या

साधारण ७०० ते ९०० चौरस फुटांचा टू बीएचके फ्लॅट पूर्ण बदलायचा असेल तर काम बहुधा पुढच्या क्रमाने जातं. दिवस अंदाजाने दिले आहेत. माणसं कमी असली किंवा माल वेळेवर आला नाही तर ते वाढतात.

तोडफोड ६ ते १० दिवस चालते. जुनी फरशी, बाथरूमच्या भिंतीवरच्या टाइल्स, स्वयंपाकघराचा ओटा, बाथरूमचा कोबा हे सगळं डिमॉलिशन हॅमरने निघतं आणि सगळ्यात वाईट दिवस हेच. त्यानंतर वायरिंग आणि नळाच्या पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या पाडतात, त्याला ४ ते ७ दिवस. यात ग्राइंडरची किंचाळी आणि मागोमाग छन्नीचे ठोके. मग वॉटरप्रूफिंग येतं. ते शांत असतं, पण खालच्या घराने सर्वांत सावध राहायचं ते याच दिवसांत, त्याबद्दल पुढे. फरशी बसवायला १२ ते २० दिवस लागतात. कटर अधूनमधून चालतो आणि रबरी हातोडीची ठकठक दिवसभर असते. सुतारकाम सर्वांत लांबतं, २५ ते ४० दिवस: प्लायवूड कापायचं मशीन, कॉम्प्रेसर, खिळ्यांची गन. शेवटी पुट्टी घासणं आणि रंग.

इथे बहुतेकांची एक चूक होते. रंग सुरू झाला म्हणजे संपलं असं वाटतं. पण रंगानंतर पडद्याचे रॉड, एसी, गिझर, टीव्हीचा स्टँड, बाथरूमच्या फिटिंग्ज यांच्यासाठी दोन-तीन दिवस ड्रिल पुन्हा चालतं. परीक्षा किंवा घरातलं कार्य त्या दिवसांत येत असेल तर तेही आधीच विचारून ठेवा.

आवाज तुमच्या घरात शिरतो कुठून?

हॅमर चालू असताना भिंतीला तळहात टेकवा. मग जवळच्या खांबाला, मग जमिनीला. हाताला थरथर जाणवली तर आवाज काँक्रीटच्या सांगाड्यातून येतो आहे. खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध ओतलेले असल्यामुळे ही थरथर दोन-तीन मजले सहज प्रवास करते. त्यामुळेच चौथ्या मजल्यावरचं काम पहिल्या मजल्यावरच्याला 'आपल्याच डोक्यावर' चाललंय असं वाटतं. अशा आवाजावर खिडकी बंद करण्याचा फारसा उपयोग नाही.

हाताला काही जाणवत नाही पण कानाला खूप येतंय, असं असेल तर तो हवेतून येतोय: खिडकी, मुख्य दाराखालची फट, बाथरूमच्या डक्टची झडपं. ग्राइंडर आणि लाकूड कापण्याच्या मशीनचा आवाज बराचसा असाच येतो, आणि तो घरच्या घरी नक्की कमी करता येतो.

काम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ द्या

सोसायटीच्या फलकावर किंवा ग्रुपवर कामाची सूचना दिसली की त्याच संध्याकाळी मोबाइल घेऊन घरभर फिरा. सामाईक भिंत, सगळ्या खोल्यांची छतं, बाथरूमचं छत, खिडक्यांचे कोपरे, तुळई आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ या सगळ्यांचे फोटो घ्या. आधी लांबून खोली ओळखू येईल असा, मग जवळून. जुनी तडा असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा आणि स्टीलची पट्टी लावून फोटो काढा. हे फोटो शेजाऱ्यांनाही पाठवा, 'माहितीसाठी' म्हणून. यात त्यांचंही रक्षण आहे. जुनी तडा त्यांच्या माथी मारली जात नाही.

सामाईक भिंतीवरच्या फ्रेम, घड्याळ, काचेचं शोकेस, देव्हाऱ्यावरच्या उंच समया खाली उतरवा. हादऱ्याने वस्तू एका झटक्यात पडत नाही. ती रोज दोन मिलिमीटर सरकत कडेला येते आणि आठव्या दिवशी पडते. पलंगाची डोक्याकडची बाजू भिंतीपासून बोटभर तरी लांब ओढा. भिंतीला टेकलेला लाकडी पलंग थरथर थेट उशीपर्यंत आणतो.

शेजाऱ्यांशी पहिलं बोलणं

हे पहिल्या दोन दिवसांतच व्हावं, शक्यतो समोरासमोर, आणि त्यानंतर त्याचाच छोटा मेसेज. पंधरा दिवस दात-ओठ खाऊन मग बोलायला गेलं की पहिलं वाक्यच भांडणाचं येतं. मेसेज असा असू द्या:

'नमस्कार दादा, खालच्या ३०२ मधून. काम व्यवस्थित पार पडो. एकच विनंती आहे. हॅमर आणि कटर उद्या किती ते किती चालणार हे आदल्या संध्याकाळी एका ओळीत कळवाल का? घरी ऑफिसचे कॉल असतात आणि आई दुपारी दीड ते साडेतीन झोपते. तेवढे दोन तास हॅमर टाळला तर फार मदत होईल. मिस्त्रींचा नंबर दिलात तर बारीकसारीक गोष्टींसाठी तुम्हाला त्रास देणार नाही.'

यात मागणी मोजकी आणि ठरावीक आहे. 'जरा आवाज कमी करा' याला मिस्त्रीच्या लेखी काहीच अर्थ नसतो, कारण हॅमरला आवाज कमी करायचं बटण नाही. पण 'दीड ते साडेतीन हॅमर नको' हे तो पाळू शकतो. त्या वेळात माल वर आणणं, राडारोडा गोण्यांत भरणं, माप घेणं, जेवण अशी कामं बसवता येतात.

कामगारांवर मात्र ओरडू नका. ते रोजावर असतात, वेळ त्यांच्या हातात नसते, आणि तुमच्या कानावर भिंतीआडून येणारा आवाज ते दिवसभर हातभर अंतरावरून झेलतात, बहुतेकदा कानात काहीही न घालता. बोलायचं ते मालकाशी किंवा कॉन्ट्रॅक्टरशी.

आवाज खरोखर कमी करणारे काही बदलही सुचवता येतात. काम सुरू व्हायच्या आधी सुचवले तर ते मान्य होण्याची शक्यता जास्त. झिरी पाडताना आधी ग्राइंडरने दोन्ही कडा कापून मग मधला भाग काढला तर हॅमरचा वेळ खूप घटतो आणि भिंतही कमी हादरते. जुनी फरशी पक्की असेल आणि दाराखाली जागा असेल, तर तीवरच टाइल अ‍ॅढेसिव्हने नवी फरशी बसते. मग त्या खोल्यांपुरती फरशीची तोडफोडच टळते आणि मालकाचा राडारोडा उचलायचा खर्चही वाचतो. एसीच्या पाइपाचं मोठं भोक हॅमरने फोडण्याऐवजी डायमंड कोअर कटरने (गोल भोक कापणाऱ्या मशीनने) पाडावं. प्लायवूड कापायचं टेबल खोलीच्या मध्यात जुन्या सतरंजीवर किंवा रबरी मॅटवर ठेवावं, म्हणजे त्याची थरथर स्लॅबमध्ये कमी उतरते. कपाटं कारखान्यातून कापून आणली तर सुतारकामाचे दिवस निम्म्यावर येऊ शकतात.

सोसायटीकडून काय मिळवायचं?

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींनुसार (बाय-लॉजनुसार) फ्लॅटमध्ये बदल करण्यासाठी समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करायला मनाई आहे. मात्र कामाच्या वेळा प्रत्येक सोसायटी आपल्या ठरावाने ठरवते. अनेक ठिकाणी सकाळी ९ किंवा १० ते संध्याकाळी ६, मध्ये दुपारची सुटी, रविवारी बंद असा नियम असतो. तुमच्या सोसायटीत तो लेखी आहे का, हे सचिवांना विचारा. तोंडी 'आपल्याकडे असंच चालतं' याला वादाच्या वेळी वजन नसतं.

अर्जात चार गोष्टी मागा: परवानगीपत्राची प्रत, त्यात मंजूर केलेल्या कामांची यादी, हॅमर-कटरच्या वेळा आणि काम संपण्याची तारीख. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. संपण्याची तारीख आवर्जून मागावी. ती नसली की सुतारकाम महिनोन् महिने रेंगाळतं आणि कोणालाच काही म्हणता येत नाही. बऱ्याच सोसायट्या परत मिळणारं डिपॉझिट घेतात. ते परत देण्याआधी खालच्या फ्लॅटची पाहणी व्हावी, अशी अट परवानगीत घालायला सांगा.

तुम्ही भाड्याने राहत असाल तर सोसायटीकडचा अर्ज घरमालकांच्या नावाने जाऊ द्या. शेजाऱ्यांशी बोलायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही.

घरातली एक खोली वाचवा

संपूर्ण घर शांत करता येत नाही. एक खोली करता येते. कामाच्या जागेपासून आणि सामाईक खांबापासून सर्वांत लांबची खोली निवडा आणि सगळी मेहनत तिच्यावरच घ्या.

आधी फटी. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या कडांतली ब्रशसारखी लव झिजलेली असते. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते; बदलून घ्या. दाराच्या चौकटीला चिकटणारी रबरी पट्टी आणि दाराखाली रबरी स्वीप लावा. बोटभर फट उघडी असेल तर बाकी दार कितीही जाड असो, आवाज तिथून आत येतोच. डक्टकडे उघडणाऱ्या झडपांमधून आवाज येत असेल तर १२ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा मापाने कापून, कडेने फोमची पट्टी लावून तात्पुरता बसवता येतो. पण त्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर झडप मुळीच बंद करू नका. कोंडलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो, त्यामुळे कळेपर्यंत माणूस बेशुद्ध पडतो.

भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावण्यात पैसे घालवू नका. ते खोलीतला घुमारा कमी करतात, भिंतीतून येणारा आवाज अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागतं. सामाईक भिंतीला पुस्तकांनी किंवा कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट बोटभर अंतर सोडून उभं केलं तर ग्राइंडरच्या आवाजात थोडा फरक पडतो. हॅमरच्या थरथरीत पडत नाही.

पंखा, कूलर किंवा मोबाइलवरचा पावसाचा संथ आवाज हा सुतारकाम आणि पुट्टी घासण्याच्या दिवसांत चांगला झाकण घालतो. तोडफोडीच्या दिवसांत त्याच्या भरीला पडू नका. ठोके झाकायला आवाज इतका वाढवावा लागतो की कान दुप्पट थकतात.

कानाचं संरक्षण

मऊ फोमचे इअरप्लग स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहेत, पण बरेच जण ते अर्धेच आत घालतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणतात. प्लग स्वच्छ बोटांनी वळून उदबत्तीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतला वळणदार मार्ग सरळ होतो. प्लग आत सरकवा आणि बोटाने वीस ते तीस सेकंद तसाच धरून ठेवा. तो फुगून बसला पाहिजे. नीट बसला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. काढताना हळू फिरवत काढा. मळला की टाकून द्या. कान फुटलेला असेल, वाहत किंवा दुखत असेल तर प्लग घालू नका.

पाकिटावर ३० किंवा ३३ डेसिबल लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढा आवाज घटेल असा दावा. प्रत्यक्षात साधारण निम्मं पदरात पडतं. प्लगवर इअरमफ (अख्खा कान झाकणारी वाटी) चढवला तर दोन्हींची बेरीज होत नाही, आणखी पाचेक डेसिबलच घटतात. पण तोडफोडीच्या दिवशी तेवढंही जाणवतं. आवाज कापणारे महागडे हेडफोन पंखा-कॉम्प्रेसरसारख्या सलग घरघरीसाठी उत्तम, अचानक ठोक्यांसाठी कमजोर. त्यात गाणी मोठ्याने लावून हॅमर झाकायचा प्रयत्न करू नका. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हेडफोन तुम्हाला त्या मर्यादेपलीकडे सहज नेतात.

अभ्यास, ऑफिस, तान्हं बाळ, रात्रपाळी

दहावी-बारावीचं मूल असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडफोड येऊ नये यासाठी डिसेंबरातच बोलून ठेवा. ही विनंती शेजारी सहसा नाकारत नाहीत. तरीही काम आलंच तर जवळच्या अभ्यासिकेत महिनाभराची जागा घ्या. पुण्यात तर त्या गल्लोगल्ली आहेत. घरून काम करणाऱ्यांनी कॉल दुपारच्या सुटीत आणि सहानंतर बसवावेत, आणि तोंडाजवळ माइक असलेला वायरचा हेडसेट वापरावा. लॅपटॉपचा माइक हॅमर जसाच्या तसा पलीकडे पोचवतो. तोडफोडीचे सहा ते दहा दिवस भाड्याचं टेबल घेऊन बाहेर बसणं हा खर्च वाटत असला तरी घरात धुमसत बसण्यापेक्षा तो बरा.

तान्ह्या बाळाच्या कानात प्लग घालायचे नाहीत. सर्वांत लांबची खोली आणि शक्य असेल तर त्या आठवड्यात आजोळ. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेची वेळ शेजाऱ्यांना स्पष्ट सांगावी. दिवसा झोपणारं माणूस घरात आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आवाजापेक्षा मोठं काही दिसलं तर

प्लास्टरवर केसाएवढी बारीक रेघ, किंवा तुळई आणि विटांची भिंत मिळते तिथली आडवी रेघ ही सहसा गंभीर नसते. पेन्सिलीची खूण करा, दर आठवड्याला फोटो घ्या. पण तडा पेन्सिलीच्या खुणेपुढे सरकली, तिरकी होत रुंदावली, खांबावर किंवा तुळईवर आली, छताचं प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजू लागलं किंवा सुटून पडायला लागलं, तर त्याच दिवशी काम थांबवायला सांगून सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. वर भिंत पाडली जात असेल तर ती साधी आडभिंत आहे की इमारतीचा भार घेणारी, हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचं नसतं. जुन्या भार-भिंतींच्या इमारतींत तर मुळीच नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची 'सिद्धी साई' ही इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. अशा वेळी 'शेजारधर्म' म्हणून गप्प बसू नका. महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार करा. मुंबईत इमारत व कारखाने खात्याकडे. बेकायदा काम थांबवण्याची नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेला आहे.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की त्यात ४८ ते ७२ तास पाणी साठवून चाचणी घेतात. त्याची तारीख विचारून घ्या, आणि त्या काळात सकाळ-संध्याकाळ आपल्या बाथरूमच्या छतावर टॉर्च तिरका मारून पाहा. ओल तिरक्या प्रकाशात आधी दिसते. फरशी बसण्याआधी गळती सापडली तर दुरुस्ती एका दिवसाची. नंतर सापडली तर पुन्हा हॅमर.

कायदा कुठे साथ देतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे आणि परिसरातल्या आवाजाचे आहेत, आणि तक्रारीसाठी आवाज त्याहून १० डेसिबल किंवा जास्त असावा लागतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर तुमच्या हॉलमधले ७८ डेसिबल दाखवून दिवसाचं काम थांबेल ही अपेक्षा ठेवू नका. अ‍ॅपचा आकडा तुमच्या स्वतःच्या नोंदीसाठी ठीक.

रात्रीची गोष्ट वेगळी. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला बंदी आहे. रात्री हॅमर किंवा कटर चालू असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तिथे मोजमापाच्या वादात पडावं लागत नाही.

दिवसाच्या त्रासासाठी नोंदवही ठेवा: तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, मशीन, कोणाला कळवलं. दहा दिवसांची अशी नोंद आणि ठरलेल्या वेळांचं पत्र सोबत असेल तर समितीकडे नोटीस मागताना तुमची बाजू भक्कम राहते. समितीच ढिम्म बसली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते, आणि नुकसानभरपाईपर्यंत वाद गेला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. हा रस्ता लांबचा आहे. बहुतेक नूतनीकरणं पहिल्या सुनावणीआधीच संपतात, त्यामुळे तो आवाजासाठी नको. गळती आणि तडांच्या भरपाईसाठी राखून ठेवा.

काम संपल्यावर

शेवटचं ड्रिल थांबलं की पहिल्या संध्याकाळी घेतलेले फोटो काढा आणि त्याच जागी उभं राहून पुन्हा तेच फोटो घ्या. वरचं नवीन बाथरूम रोजच्या वापरात येऊन दोन आठवडे झाले की आपल्या छतावर पुन्हा टॉर्च मारा. छत कोरडं असेल तर सचिवांना तसं लिहून द्या, म्हणजे शेजाऱ्यांचं डिपॉझिट मोकळं होईल. ओल दिसली तर डिपॉझिट सोसायटीकडे असेपर्यंतच कळवा.